गिटारीच्या पोटातलं कापड

शनिवारी दुपारी ओथा केस कापायला गेला, तेव्हा मी त्याची गिटार पलंगावर उताणी ठेवली आणि तिच्या पोटात कापड कोंबलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाला द्यायचा ते शोधत बसायला नको.

कापड म्हणजे माझा जुना परकर. धुऊन धुऊन विरलेला, मऊ. त्याच्या चार-चार बोटं रुंद पट्ट्या फाडल्या आणि विणायच्या सुईनं एकेक आत ढकलत गेले. ओथाची गिटार विजेवर वाजणारी, पण सबंध भरीव नाही आणि सबंध पोकळही नाही. मधोमध मेपलच्या लाकडाचा ठोकळा, मानेच्या मुळापासून पार खालपर्यंत. त्याच्या दोन्ही अंगांना पोकळी, आणि प्रत्येक पोकळीवर एक वळणदार फट, व्हायोलिनला असते तशी. एका फटीतून घातलेलं कापड दुसरीकडे जात नाही, मध्ये ठोकळा आडवा येतो. म्हणून दोन्ही पोटं वेगवेगळी भरली. छातीशी येते ती बाजू जास्त ठासली. शेवटची पट्टी फटीतून दिसू नये म्हणून पार आत सरकवली. ओथा परत आला तेव्हा मी भेंडी चिरत बसले होते.

ती गिटार १९६० सालची. ओथानं ती त्रेसष्टमध्ये मेम्फिसला एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतली, आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी. म्हणून घरात मान तिचा पहिला, हे तो मला अधूनमधून ऐकवायचा. तेव्हा ती चेरीसारखी लालभडक होती. पस्तीस वर्षांत रंग उतरून जुन्या विटेसारखा झाला. रोगणाला बारीक भेगा पडल्या, नदीकाठचा गाळ उन्हात तडकतो तशा. ओथाचा हात जिथे घासतो तिथलं रोगण जाऊन कोरं लाकूड उघडं पडलं होतं. तारांखालच्या दोन चुंबकांवर निकेलची झाकणं आहेत, ती काळवंडली. एकदा सेंट लुइसहून एक गिटारवेडा तिला बघायला आला. उलटसुलट करून म्हणाला, "इतकी मूळची राहिलेली मी पाहिली नाही. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही."

ओथा म्हणाला, "बायकोपण मूळचीच आहे माझी."

पण ती बघायची गिटार नव्हती. ती ऐकायची होती, रविवारी, आमचे रेव्हरंड टॉलिव्हर प्रवचनाला उभे राहिल्यावर. रेव्हरंड पहिला अर्धा तास नुसते बोलतात. साधं, ओट्यावर बसून बोलावं तसं. मग एखाद्या वाक्याचं शेपूट जरा लांबतं, शब्दाला सूर चिकटतो, आणि बोलण्याचं गाणं होऊन जातं. नेमकं कुठल्या शब्दाला ते झालं, हे बसलेल्यांपैकी कुणालाच सांगता येत नाही. ओथाला मात्र कळायचं. रेव्हरंड एक ओळ गाणार, आणि ते श्वास घेतात तेवढ्यात ओथाची गिटार तीच ओळ परत म्हणणार. त्यांनी हाक मारायची, हिनं ओ द्यायची. मी पाळण्यात असल्यापासून गायलेली प्रवचनं ऐकत आलेय. देवाची गोष्ट नुसती सांगितली तर मी मान डोलावते, गाऊन सांगितली तर मला उठून उभं राहावंच लागतं. माझ्या आईचंही तसंच होतं. आणि ती ओ द्यायला माझा नवरा तिथे बसलेला असायचा, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, रेव्हरंडांच्या बुटांपासून दोन हातांवर. एकतीस वर्षं ती खुर्ची ओथा प्रुइटची होती. तेलाच्या गिरणीत सरकी भरडणाऱ्या यंत्रांपाशी तो सोमवार ते शनिवार राबला, तो त्या खुर्चीच्या भरवशावर.

त्या उन्हाळ्यात चर्चचा कारभार बघणारे डीकन बिनफर्ड यांनी तिथे नवे स्पीकर बसवले, माणसाहून उंच. आणि गिटार घुमायला लागली. पोकळीत मोठा आवाज शिरला की लाकूड थरारतं, तारांतून तोच आवाज पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो. कुणी तारेला हात न लावता एकच सूर बोटीच्या भोंग्यासारखा फुगत जातो. ऑगस्टमध्ये एकदा झालं, सप्टेंबरमध्ये दोनदा. पोरं कान धरून रडली. ओथा मात्र डोळे मिटून गालात हसत बसलेला. आवाज कमी करायचं गोल बटण त्याच्या करंगळीशी होतं, त्याला त्यानं हात लावला नाही.

केल्विन रड आमचा ऑर्गनवाला. तिशीतला, मनाचा चांगला. तो म्हणाला, "ब्रदर प्रुइट, फटींत जरा चिंध्या कोंबा ना. मोठ्या आवाजात वाजवणारे सगळे कोंबतात. घुमणं एकदम बंद होतं."

"आधी तुझ्या नाकात कोंब," ओथा म्हणाला. "मग मला गाऊन दाखव."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डीकन बिनफर्ड घरी आले. ओथा बाहेर गेला होता. ते दारातच हॅट काढून उभे राहिले. "सिस्टर प्रुइट, मी काही वाईट माणूस नाही."

"असं म्हणत येणाऱ्याच्या खिशात वाईट बातमी असते, डीकन. बसा."

ते बसले. "रविवारी वर्धापनदिन. चार चर्चचे लोक येणार. आम्ही डीकन मंडळींनी ठरवलंय. प्रवचनात ती गिटार घुमली, तर खुर्ची उचलायची. केल्विनच्या यंत्रात गिटारीचा आवाज निघतो."

"ओथाला सांगितलंत?"

"तीनदा सांगितलं. 'हो डीकन, हो डीकन' करतो आणि आपलंच खरं करतो." मग ते जरा खाली वाकून म्हणाले, "आजारी असता तर गोष्ट वेगळी. ओसीचं नाही का आपण सांभाळून घेतलं?"

ओसी टेट आमच्या चर्चची सगळ्यात म्हातारी गायिका. चार वर्षांपूर्वी तिचा गळा गेला. तेव्हापासून ती माईकपुढे उभी राहते, तोंड उघडते, आणि माईक बंद असतो. मागून दुसऱ्या बायका गातात. ओसीला कुणी सांगितलेलं नाही. नंतर सगळे तिचा हात हातात घेऊन म्हणतात, सिस्टर, आज काय गायलात. ती उभी राहिली की ओथा बुटांकडे बघत बसायचा. एकदा घरी येताना म्हणाला होता, "लर्लीन, माझी वायर कुणी अशी दयेनं काढून ठेवली, तर त्याच दिवशी मला पुरून टाक."

"ओथा धडधाकट आहे," डीकन उठताना म्हणाले. "धडधाकट माणसाचा हट्ट आम्ही किती दिवस चालवून घ्यायचा?"

मी दोन दिवस प्रार्थना केली. उत्तर आलं नाही, का आलं आणि मला कळलं नाही, देव जाणे. शनिवारी मी परकर फाडला.

रविवारी चर्च खच्चून भरलं. बायकांच्या हॅटींमुळे मागच्यांना पुढचं दिसेना. मी तिसऱ्या बाकावर, ओथाच्या समोरच. गाणी सुरू झाली, आणि गिटार घुमली नाही. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. केल्विननं ऑर्गनमागून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, त्याला कळलं असावं. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारणीच्या पंख्यानं तिलाच वारा घालायला लागले.

ओथाचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. त्यानं गिटारीवर बोटाचं पेर आपटून बघितलं. ती बरगड्यांशी ओढून घेतली, आणखी ओढली. वाजवता वाजवता तिच्या वरच्या, शिंगासारख्या टोकावर जबडा टेकवला. आवाजाचं बटण फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. मला वाटलं, पाहुणे आलेत म्हणून घाबरलाय. गाणी त्याच्या बोटांत मुरलेली, ती आपसूक वाजत होती.

रेव्हरंड टॉलिव्हर उभे राहिले. त्यांनी सत्तावीसच्या पुराची गोष्ट काढली. ते पाच वर्षांचे, आईच्या कडेवर. आई नदीच्या बांधावर उभी, पायाशी पाणी. होडी यायची, बांधावर कोण उभं आहे ते बघायची, आणि पुढे जायची. एक गेली. दुसरी गेली. "आई मला म्हणाली," रेव्हरंड म्हणाले, "बाळा, हात हलवत राहा." तो 'राहा' लांबला, आणि तिथे सूर लागला.

त्यांची पट्टी काळी चार. ओथानं काळी चारमध्ये ओ दिली. दुसरी ओळही जुळली. मग रेव्हरंड नेहमीसारखे अर्धा सूर चढले, पांढरी सहावर, आणि ओथा खालीच राहिला.

अर्धा सूर म्हणजे काही फार नव्हे, असं कुणी म्हणेल. तीन सूर चुकले तर माणूस चुकला म्हणतात. अर्धा चुकला की दातांत वाळू आल्यासारखं होतं. रेव्हरंडांनी त्याच्याकडे बघितलं आणि तीच ओळ पुन्हा गायली. ओथा पुन्हा खालीच. मग बिचारे स्वतः खाली उतरले, त्याला धरून घ्यायला, आणि नेमका तेव्हाच ओथा अंदाजानं वर गेला. अंधाऱ्या खोलीत दोन माणसं एकमेकांना शोधताना चुकामूक व्हावी, तसं चाललं होतं. "होडी येते का?" रेव्हरंड गात होते. लोक "येते" म्हणाले, पण कसनुसं. केल्विननं ऑर्गनचा आवाज वाढवून झाकायला बघितलं. डीकन बिनफर्ड भिंतीपाशी उठून उभे राहिले.

तेव्हा मी ओथाच्या डोळ्यांकडे बघितलं. एकतीस वर्षं तो डोळे मिटून वाजवायचा. आता ते टक्क उघडे होते, आणि रेव्हरंडांच्या ओठांवर खिळले होते.

माझ्या हातातला पंखा खाली पडला. वर्षभर घरी फोन वाजला की तो मलाच उचलायला लावत होता. मी पाठमोरी काही बोलले की उत्तर नाही, वळून बोलले की उत्तर. मी त्याला घुम्या म्हणायचे, टोमणे मारायचे. तीस वर्षं त्या गिरणीत काढलेल्या माणसाचे कान, आणि मला, त्याच्या बायकोला, कळलं नाही. गिटारीची पोकळी बरगड्यांना लागून असायची. रेव्हरंडांचा आवाज त्या लाकडात उतरायचा आणि तिथून ह्याच्या अंगात. आम्ही ज्याला घुमणं म्हणत होतो, तेवढंच त्याला ऐकू येत होतं. आणि मी तिथे परकर कोंबला होता.

प्रवचन चालू असताना आमच्यात कुणी व्यासपीठापुढे जात नाही. मी गेले. केसांतला आकडा काढला आणि गुडघ्यांवर बसले. ओथाचा हात थांबला. आकडा फटीत घालून ओढला तर पट्टीचं टोक आलं, मग पट्टी, मग दुसरी. पांढरं लांबलचक कापड निघतच होतं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"सिस्टर प्रुइट, काय चाललंय हे?" डीकन बिनफर्ड माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"माझी चूक उपसतेय, डीकन. थांबा जरा."

रेव्हरंडांनी गाणं सोडलं नाही. तोंडावर टॉवेल धरून ते एकच सूर गुणगुणत राहिले, माईकमध्ये, न तुटता. वाट बघत होते. खालची बाजू तशीच राहिली, पण वरचं पोट रिकामं झालं. ओथानं माझ्या मांडीवरच्या चिंध्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेचं उत्तर मला वर गेल्यावर द्यायचं आहे.

मग गिटारीत आवाज भरला. मला तो दिसला, कारण ओथाचे खांदे खाली आले. पाण्याखाली गेलेल्या माणसानं वर येऊन श्वास घ्यावा तसा त्यानं श्वास घेतला, डोळे मिटले, आणि बोट एक पडदा वर सरकवलं. पांढरी सहा. रेव्हरंड गरजले, "होडी येते का?" आणि गिटार म्हणाली, येते. ते म्हणाले, "बाई थकली." ही म्हणाली, थकली. "हात खाली आला का?" नाही आला. चार-पाच ओळी. लोक उठून उभे राहिले, मीही गुडघ्यांवरून उठले. अशा चार-पाच ओळी मी जन्मभरात फार वेळा ऐकलेल्या नाहीत.

आणि गिटार घुमली. भोंगा फुगत गेला, खिडक्यांची तावदानं थरथरली. "कमी कर, ओथा," डीकन एका हातावरून ओरडले. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले. ओथा हसत होता, डोळे मिटून. डीकननी वाकून वायर उपटली.

रेव्हरंडांनी उरलेलं प्रवचन साथीशिवाय संपवलं. आईला होडी मिळाली, हे त्यांनी बोलूनच सांगितलं.

जेवणाच्या आधी डीकन मंडळींनी आम्हाला स्वयंपाकघरामागच्या खोलीत बोलावलं. बाहेर मासे तळल्याचा वास. रेव्हरंड खिडकीपाशी टॉवेल घेऊन बसलेले, घामानं चिंब. डीकन बिनफर्ड ओथाशी नाही, माझ्याशी बोलले, आणि हळुवार बोलले. तेच जास्त लागलं.

"सिस्टर, मी त्याच्या कानाशी तीनदा ओरडलो. खरं सांगा. त्याला ऐकू येत नाही का?"

ओथा त्यांच्या ओठांकडे बघत होता. मग माझ्या ओठांकडे बघायला लागला.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला मिठीत घेतलं असतं. खुर्ची राहिली असती. वायर दुसऱ्या टोकाला कशालाच जोडली नसती, आणि दर रविवारी लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणाले असते, ब्रदर प्रुइट, आज काय वाजवलंत. तो मान हलवत बसला असता. त्याला कळलं असतं. त्याच्या बरगड्यांना सगळं कळतं.

"कान शाबूत आहेत त्याचे," मी म्हणाले. "माणूसच हट्टी आहे. तेहतीस वर्षं मी भोगतेय, तुम्ही दोन महिन्यांत कंटाळलात."

कुणी हसलं नाही. रेव्हरंड म्हणाले, "ओथा, तुला काही सांगायचंय?"

"नाही, रेव्हरंड. हट्टी आहे मी."

"मग ठरल्याप्रमाणे," डीकन म्हणाले, आणि जमिनीकडे बघत राहिले.

आम्ही न जेवता निघालो. ट्रक मी चालवत होते. पुलापाशी बाजूला घेऊन थांबवला, त्याच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"गेल्याच्या आधीचा ईस्टर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बुधवारच्या प्रार्थनेत उभी राहून सांगितलं असतंस. चाळीस बायकांनी माझ्या कानांवर हात ठेवले असते."

खरं होतं. सांगितलं असतं.

"हे नवे स्पीकर आले," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं देवानंच पाठवले. मधे सहा महिने रेव्हरंड नुसते तोंड हलवत होते. स्पीकर आले आणि ते परत माझ्या अंगात गायला लागले." मग म्हणाला, "तू खोटं बोललीस. चर्चमध्ये."

"हो."

"डीकनसमोर."

"हो म्हणाले ना."

मी ट्रक पुन्हा रस्त्यावर घेतला. मी पाप केलं का पुण्य, हे मला आजही ठाऊक नाही. आणि माफी मागायला गुडघे टेकते तेव्हा कुठल्या गोष्टीची मागायची, त्या कापडाची का त्या बोलण्याची, तेही ठरत नाही.

पुढच्या रविवारी ओथा माझ्या शेजारी, तिसऱ्या बाकावर बसला. त्यानं चर्चला यायचं बंद केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, पण तो दाढी करून, टाय बांधून माझ्या आधी ट्रकमध्ये जाऊन बसला. त्याच्या जागी गालिच्यावर खुर्चीच्या पायांचे चार खड्डे होते. केल्विनचं यंत्र गिटारीसारखं वाजलं, बिनचूक. रेव्हरंड बोलता बोलता गायला लागले. ओथा आधी त्यांच्या ओठांकडे बघत होता. मग ते डोळ्यांवर टॉवेल धरून वळले, ओठ दिसेनात, आणि ओथाची मान खाली गेली. त्याचे रिकामे हात मांडीवर पडलेले. मी तिकडे बघू शकले नाही.

मी सरकून अगदी त्याला चिकटले. दंड, खांदा, कूस, सगळं त्याच्या बरगड्यांना टेकवलं, आणि तोंड मिटून, रेव्हरंड गात होते ते छातीतून गुणगुणायला लागले. एक ओळ, मग पुढची. तो हलला नाही. मला वाटलं, काही पोचत नसेल.

मग तो कुजबुजला. स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते त्याला कळत नव्हतं, पुढच्या बाकावरच्या तीन हॅटी वळल्या.

"लर्लीन, अर्धा सूर खाली आहेस."

मी वर चढवला.